ऐरणीचं नाव सबनीस

गॅरेज, मुसलमान मिस्त्री, कळकट बनियन, वरून रागीट आणि आतून लोणी, शेवटी ईदचा शीरखुर्मा आणि लेखकाच्या डोळ्यांत पाणी. असलं काही वाचायला मिळेल म्हणून बसला असाल तर उठा राव, चहा टाका. दस्तगीर मिस्त्री वरून रागीट होता आणि आतून त्याहून रागीट होता. शीरखुर्मा त्यांच्या घरचा मी खाल्लाय, पण तो शहाबीभाभींनी दिला. मिस्त्री शेजारी बसून माझ्या वाटीतले बदाम बघत होता.

आणि तो मेलेलाही नाही. भोसरीत आहे, ठणठणीत आहे. हे छापून आलं की गॅरेजातला तुका त्याला मोठ्यानं वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. मिस्त्री, हा लेख म्हणजे बदला आहे. कशाचा, ते शेवटी येईल. तुझाच नियम आहे ना, ज्याचा बदला घ्यायचा त्याला कारण कळलं पाहिजे.

मी मंचरच्या शाळेत शिकलो. शिकलो म्हणजे हेडमास्तरांचा आवाज हुबेहूब काढून अख्खा वर्ग उभा करायचो आणि मग स्वतः बाहेर उभा राहायचो. पिंपरीत कंपनीत लागलो तेव्हा भोसरीत आळंदी रोडला एक खोली घेतली. खिडकी उघडली की खाली दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज. पहिल्याच सकाळी आवाज आला, "तुका, मालक सरकव हिकडं. आन मामलेदार कुठं ठिवला?"

मला वाटलं, खाली मोठमोठी माणसं आलीत. शर्ट घालून उतरलो. तर मालक म्हणजे जॅक. मामलेदार म्हणजे हातोडा.

मिस्त्रीची ही पद्धत. कुणी त्याचं वाकडं केलं की तो भांडायचा नाही, शिवी द्यायचा नाही. एकच शब्द बोलायचा, "ठेवलंय." आणि गॅरेजात येऊन एका हत्याराला त्या माणसाचं नाव द्यायचा. पक्कड म्हणजे जकात नाक्यावरचा कारकून. जॅक म्हणजे जागेचा मालक, कारण अख्ख्या गाडीचं ओझं त्याच्या टाळक्यावर. ग्रीसचा डबा म्हणजे सख्खा मेव्हणा. दिवसभर गॅरेजात कुणाला ना कुणाला ठोकणं, पिरगाळणं चालू असायचं. एकदा तो जागेचा मालक भाडं मागायला आला आणि तेवढ्यात तुका आतून ओरडला, "मालकाला गाडीखाली घालू का?" मालक त्या दिवशी भाडं न घेताच गेला.

हा तुका म्हणजे तुकाराम, मिस्त्रीचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांचं गाव एकच, चाकणच्या पुढं पश्चिमेला, सरकारी जंगलाच्या अगदी पायथ्याशी. पोरपणी दोघं त्या जंगलात करवंदं खात हिंडले. मग मिस्त्री गॅरेजात आला आणि तुका एका कारखान्यात लागला. तिथं ट्रेलर खाली करताना पत्र्याची गुंडाळी घसरली आणि तुकाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. कारखान्यानं त्याला घरी पाठवलं. मिस्त्रीनं गॅरेजात आणून स्टुलावर बसवलं आणि ट्यूबचं पंक्चर काढायला दिलं. तुकाला त्याचं काही वाटायचं नाही. स्वभावानं पांघरुणासारखा माणूस, कुणीही ओढावं. राग धरायचं काम त्यानं पूर्णपणे मिस्त्रीवर सोपवलेलं होतं.

मिस्त्रीचा बदल्याचा नियम कुठून आला ते सांगतो. मी येण्याआधीची गोष्ट आहे. एका कंपनीचा साहेब स्कूटर घेऊन आला आणि म्हणाला, "ए, हात धुऊन हात लाव." मिस्त्रीनं हात धुतले. स्कूटर फर्स्टक्लास करून दिली. फक्त वायरिंगमध्ये असं काही केलं की हँडल डावीकडं वळलं की हॉर्न वाजायचा. साहेबाच्या कंपनीचं गेट डावीकडं होतं. रोज सकाळी साहेब पों करत गेटात शिरायचा आणि वॉचमन दचकून सलाम ठोकायचा. भोसरीत लोक हसून लोळले. पण साहेबानं काही दिवसांनी हॉर्नच काढून टाकला आणि पुढं स्कूटर विकली. तो स्कूटर बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घालत राहिला.

"फुकट गेलं," मिस्त्री मला म्हणाला. "त्येला वाटलं वायर खराब हाय. कशाचं हाय ते कळलंच न्हाई. ज्येला कळलं न्हाई त्यो बदला न्हाई, दिन्या. ती निस्ती खोडी."

मी म्हटलं, "खोडी काय वाईट असते का?"

"खोडी तुज्यासारक्यानं करावी," तो म्हणाला.

आता ऐरण, म्हणजे सबनीस. त्याआधी थोरली.

चीनच्या लढाईनंतर कधीतरी लष्करानं जुन्या जीपा लिलावात काढल्या, त्यातली एक मिस्त्रीनं उचलली. ती आली तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. नंतर शहाबीभाभी आल्या. त्यामुळं जीपचं नाव थोरली आणि भाभी धाकटी. भाभींना कुणी विचारलं, मिस्त्री कुठायत, तर म्हणायच्या, "थोरलीच्या अंगाखाली हायत. मी सवत, मला काय माहीत."

रविवारी कंपन्या बंद. मिस्त्री थोरलीत तुकाला, मला आणि आणखी दोनचार शिफ्टवाल्यांना कोंबायचा आणि थेट त्या जंगलात. आत लाकूड वाहायचा एक जुना रस्ता होता, तो चढत चढत वरच्या पठारावर जायचा. रस्ता कसला, नुसते गोटे. मिस्त्री एरवी कधी हसायचा नाही, पण एक चाक हवेत आणि एक ओढ्यात असलं की त्याचे सगळे दात दिसायचे. आम्ही मागं डबे धरून ओरडायचो. तुका तोंडाला फडकं लावून बसायचा, कारण त्याला गाडी लागायची. हे लक्षात ठेवा.

एका रविवारी त्या रस्त्यावर आडवा ओंडका आणि कुलूप. शेजारी नवीन रेंजर, सबनीससाहेब. इस्त्रीचा खाकी ड्रेस, नाकातला आवाज. मी तो आवाज त्याच दिवशी उचलला. "यांत्रिक वाहनांना बंदी आहे. चाकांनी माती सुटते, पावसाळ्यात त्या चाकोरीचा ओढा होतो. जनावरं बुजतात."

साहेबाचं अगदीच चुकत होतं असं नाही. मिस्त्रीही ते मानायचा. तो म्हणाला, "सायेब, रान सोडा म्हणत न्हाई. ही येकच वाट द्या. आधीच गोट्याची हाय. पावसाळ्यात बंद ठिवा. आठवड्यातनं येक दिस सोडा. चाक भायेर गेलं तर गाडी जप्त करा, चावी मी आणून देतो. आन ठेकेदाराचा लाकडाचा ट्रक ह्याच वाटंनं जातो, त्येची चाकं काय कापसाची हायत?"

सबनीसानं ट्रकाचं ऐकलंच नाही असं दाखवलं. मिस्त्रीनं तुकाकडं बोट केलं. "आन ह्यो मानूस कसा जायाचा वर? ह्येचं गाव हाय हे."

साहेब तुकाच्या रिकाम्या पायजम्याकडं बघून म्हणाला, "जंगल पायांनी बघायचं असतं. ज्याला पाय नाहीत त्यानं घरी बसावं."

तुका हसला. त्याला तो विनोद वाटला. मिस्त्रीनं जीप वळवली. चाकणात चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "ठेवलंय." दुसऱ्या दिवशी ऐरणीला नाव पडलं. त्याआधी ती नुसती ऐरण होती. एवढं मोठं नाव देण्याजोगा माणूसच मिळाला नव्हता.

मग तुकाला घेऊन रेंजरच्या ऑफिसच्या वाऱ्या सुरू झाल्या. सोमवारी गॅरेज बंद, म्हणून सोमवारी. बाहेरच्या बाकड्यावर दोघं बसायचे, कुबडी मधे उभी, आल्यागेल्याला दिसेल अशी. तुका कंटाळायचा.

"दस्त्या, मला न्हाई जायाचं रं त्या रानात. मला गाडी लागती. पोटातलं समदं भायेर येतं."

"तू गप. तू मुद्दा हायस."

"मी मानूस हाय."

"मानसाला कोन इचारतंय हितं. मुद्दा बन."

एकदा उलटंच झालं. सबनीसाची सरकारी जीप आळंदी रोडलाच बंद पडली आणि ढकलत ढकलत आमच्या गॅरेजात आली. मला वाटलं, आता मजा. मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, पंख्याचा पट्टा बदलला, गाडी चकाचक करून दिली. हॉर्न नाही, काही नाही. तेवढ्यात तुका आतून सवयीनं बोलला, "दस्त्या, सबनीसवर ठिवून ठोकू का?" साहेबानं वळून बघितलं. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "ठोक." साहेब पैसे देऊन गेला.

मी विचारलं, "हातात आलेला सोडला कसा?"

"गाडीनं माजं काय वाकडं केलंय," तो म्हणाला. "मला त्येची गाडी बंद पाडायची न्हाई. त्येचं वाक्य बंद पाडायचंय. त्याच रानात, वर."

अशीच एकदा ऑफिसात बाचाबाची झाली तेव्हा सबनीस वैतागून म्हणाला, "बैलगाडी घेऊन या, मी अडवणार नाही. गावाचा हक्क आहे तो. यांत्रिक वाहन चालणार नाही म्हणजे नाही." झालं. मिस्त्री ताडकन उठला आणि चक्क नमस्कार करून बाहेर आला. तुका म्हणाला, "मी तवाच वळखलं, आपली आता शंभर टक्के वाट लागणार."

मिस्त्रीनं थोरलीचं इंजिन उतरवलं. साखळी लावून, लोंबकळत, अख्खं बाहेर. बंपरला बाभळीची लांब दांडी आवळली, दांडीला जू. इंजिन पोत्यात गुंडाळून दुसऱ्या साध्या बैलगाडीत. बेत असा की पुढची गाडी बैलांची, म्हणजे कायद्यात बसते. मागच्या गाडीतलं इंजिन म्हणजे सामान. वर पठारावर दोघांचं लग्न लावायचं.

बैल तुकाच्या चुलतभावाचे, गेनबाचे. साधे नांगराचे बैल चालले असते. पण गेनबाला ते अपमानाचं वाटलं. जीप ओढायची आणि नांगराचे बैल? त्यानं शर्यतीचे चार बैल आणले, गोंडे बांधून, शिंगं रंगवून. आमच्याकडच्या शर्यती तुम्हाला माहीत असतील. चढाचा घाट, चार बैलांचा गाडा, वर माणूस कुणी नाही. खाली भोंग्यावर पुकारणारा गडी 'भिर्रर्र' म्हणाला की बैल जे सुटतात ते घाटाच्या माथ्यावरच थांबतात, ती एक धाव म्हणजे बारी. गेनबाचे बैल त्यात नावाजलेले. त्यांना चढ आणि तो आवाज, एवढ्या दोनच गोष्टी जगात कळायच्या.

रविवारी सकाळी आम्ही त्या ओंडक्याशी उभे. तिथल्या नामदेव गार्डनं एकदा जीपकडं बघितलं, एकदा बैलांकडं, आणि सायकल काढून साहेबाला बोलवायला गेला. साहेब आला. म्हणाला, "ही जीप आहे."

"बैलगाडी हाय सायेब," मिस्त्री म्हणाला. "जू हाय, बैल हायत. इंजिन दाखवा, मी परत जातो."

सबनीसानं बॉनेट उचललं. आत भाभींनी भाकरीचं गाठोडं, कांदे आणि पाण्याची कळशी नीट बसवून दिली होती. साहेब बराच वेळ त्या कांद्यांकडं बघत राहिला.

"आणि मागच्या गाडीत?"

"सामान."

"इंजिन आहे ते."

"गाडीत न्हाई ना बसवल्यालं. माज्या घरी पंखा हाय, म्हणून घर काय इमान झालं?"

गावातली माणसं जमली होती, ती हसली. साहेब हुशार होता. तो म्हणाला, "ठीक आहे. चला. पण मी गाडीत बसून बरोबर येणार. वर ते इंजिन या गाडीला लागलेलं दिसलं की तिथंच पंचनामा."

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर मी तेव्हा एक गोष्ट बघितली आणि मला ती कळली नाही. तो खूश झाला. एखाद्याला हवा असलेला पाहुणा आपण होऊन घरी यावा तसा. त्यानं फडक्यानं सीट पुसून साहेबाला स्टिअरिंगला बसवलं, कारण ते धरायला कुणीतरी लागतंच. शेजारी तुकाला ठेवलं. स्वतः बैलांचा कासरा धरून चालायला लागला. पुढं नामदेव गार्ड, मागं मी आणि गेनबा, त्यामागं इंजिनाची गाडी. मिस्त्री चालता चालता तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं, नमाजातलं काही असेल.

पठाराच्या अलीकडं शेवटचा चढ लागला. सरळ, रुंद, दोन्ही बाजूंनी दरड, थेट घाट. बैलांनी कान उभे केले. जीपमध्ये साहेब टोपी नीट करून ताठ बसलेला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलेलं, जणू तोच चालवतोय. मागून तो इतका शर्यतीच्या गाड्यावरच्या बाहुल्यासारखा दिसत होता की माझ्या गळ्याला खाज सुटली. हाताचा कर्णा केला आणि भोंग्याच्या आवाजात सुरू झालो.

"गाडा जुपलाऽऽ. गाडामालक सबनीससाहेब रेंजर, मुक्काम सरकारी जंगल. उचल की टाकऽऽ. झालीऽऽ झालीऽऽ, भिर्रर्रर्र."

कासरा मिस्त्रीच्या हातातून सुटला तो त्यालाही कळला नाही. बिनइंजिनाची जीप उडायला लागली. शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळवतात. इथं नामदेव गार्ड जीव मुठीत धरून वाटेच्या मधून पळत सुटला, आणि बैल त्याला घोडी समजून आणखी पेटले. साहेबाचा नाकातला आवाज नाकातून निघून थेट टाळूला गेला. आणि तुकाचं पोट. तुम्ही लक्षात ठेवलं असेलच. सकाळची भाकरी, कालची आमटी, सगळं साहेबाच्या इस्त्रीवर.

माथ्यावर बैल आपोआप थांबले. साहेब थांबला नाही, तो बाजूच्या करवंदीच्या जाळीत गेला. आम्ही पोचलो तेव्हा नामदेव त्याला काट्यांतून सोडवत होता. साहेबानं अंगावरचे काटे झटकले. टोपी शोधली नाही. तसाच चालत खाली उतरायला लागला. गेनबा त्याला मागून ओरडून सांगत होता, "सायेब, बारी नंबरात बसली असती."

मी हसून हसून जमिनीवर बसलो. आज इतक्या वर्षांनी सांगतो, भोसरीपासून जुन्नरपर्यंत एवढी देखणी बारी झालेली नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात. ओंडका तसाच राहिला, कुलूप नवीन आलं. सबनीस दुसरीकडं बदलून गेला. त्याच्या जागी आलेल्या साहेबानं मिस्त्रीचं म्हणणं एक कप चहात ऐकलं आणि वाट उघडली. रविवारी, पावसाळा सोडून, एकच वाट, चाक बाहेर गेलं तर जप्ती. मिस्त्रीनं मागितलं होतं तेच, तसंच्या तसं. परवानगी घेऊन घरी आला तेव्हा मिस्त्रीचं तोंड असं होतं की भाभींना वाटलं कुणी गेलं. परवाच त्याला त्या चढावर बघितला. थोरली एका चाकावर, तुका नाकाला लिंबू लावलेला, मांडीवर पिशवी. मिस्त्रीचे दात दिसत होते. पण माथ्यावर आल्यावर त्यानं शेजारच्या सीटकडं बघितलं, जिथं तुका होता, आणि मग करवंदीच्या जाळीकडं. गॅरेजात ऐरणीचं नाव अजून सबनीसच आहे.

राहिली माझी हजेरी. ती बारीच्याच दिवशी, वर पठारावर झाली. साहेब खाली दिसेनासा झाला होता. तुका जांभळीखाली आडवा. मी म्हटलं, "मिस्त्री, आता बघायला कुणी नाही. चढवू का इंजिन?"

"न्हाई. बैल लाव, खाली ने गाडी," तो म्हणाला. "आन आधी हिकडं ये. काय केलंस तू?"

"बारी केली."

"कुनाची?"

"सबनीसाची."

"ती कशाची हुती ते कळलं का त्येला?"

मी बैलांचे गोंडे नीट करायला लागलो.

"खाली जाऊन त्यो काय सांगंल? बैल उधळलं, म्हणंल. राग माजा, इतकी वर्सं सांभाळल्याला, आन नाव बैलांचं. अरं, त्यो आपल्या पायानं आल्ता रं दिन्या. मी बसवून आणला त्येला. हितं तुकाला उतरवणार हुतो, ह्या दगडावर बसवणार हुतो, आन म्हणणार हुतो, सायेब, ह्येला पाय न्हाई, पर आला. बास. वाटंनं तेवढंच घोकत आलो. मंग त्येच्या तोंडाकडं बगायचं हुतं मला. निस्तं बगायचं. कुठाय तोंड? जाळीत घातलंस."

जांभळीखालून तुका म्हणाला, "मला इचारलं आस्तं तर..."

"तू गप. तू मुद्दा हुतास, तुजी बी वकारी करून टाकली ह्येनं." मग परत माझ्याकडं वळला. "स्कूटरवाल्याचं सांगितलं हुतं ना तुला? ऐकलं का हसलास निस्ता? गॅरेजात नरसाळं हाय बग. तोंड ह्ये येवढं, आन खाली भोक. वरनं कायबी वता, आत टिकत न्हाई. आजपास्नं त्येचं नाव दिन्या. आन पेट्रोलला न्हाई वापरणार मी त्ये, चांगल्या ऑइललाबी न्हाई. फकस्त जळकं काळं तेल वतणार त्यातनं. मरस्तवर."